आतून काय दिसतं?

बीडला रेल्वे आली! 'येणार, येणार' म्हणून जिची वाट बघण्यात आपल्या आज्यांची हयात गेली, ती बीड-अहिल्यानगर गाडी अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर सुरू झाली. आता स्टेशन म्हटलं की त्याच्या मागोमाग सुशोभीकरण आलंच. आणि सुशोभीकरण म्हणजे काय, हे गावोगावी फिरून आपल्याला पाठ झालंय. एक कमान, एक कारंजं (ते उद्घाटनाच्या दिवशी उडतं!), 'आय लव्ह अमुक-तमुक' अशी मोठाली रंगीत अक्षरं आणि एक सेल्फी पॉइंट.

या सेल्फी पॉइंटची किंमत माहीत आहे? डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरातून कळलं, की स्टेशनवरचा तात्पुरता सेल्फी बूथ एकेक सव्वा लाखाचा आणि कायमचा एकेक सव्वासहा लाखांचा. सव्वासहा लाख! आपल्याकडे एवढ्या पैशांत एखादं साधं घर उभं राहतं.

पण मला आज नुसत्या पैशांबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय ते या सगळ्या वस्तूंच्या एका सारखेपणाबद्दल. बघा हं, सेल्फी पॉइंटकडे आपण पाठ करून उभ्या राहतो, हसतो, फोटो काढतो आणि निघतो. पुतळ्यासमोर मान वर करून उभ्या राहतो, नमस्कार करतो आणि निघतो. कमानीखालून तर गाडीतूनच जातो. या वस्तूंच्या 'आत' कधीच जाता येत नाही. त्या आपल्याला दिसतात, पण त्यांच्यातून आपल्याला काही दिसत नाही.

पुतळे नकोत असं मी म्हणत नाही. थोरांचं स्मरण चौकात असायलाच हवं. पण जगात शिल्पाचा आणखी एक प्रकार आहे. ज्याच्या आत शिरायचं, बसायचं आणि आतून बाहेर बघायचं. आपल्यातल्या कितीतरी जणी असं एक शिल्प नकळत बघूनही आल्या असतील. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा आहे, २०१८ साली उभारलेला. सहलीच्या बसगाड्या तिकडे भरभरून जातात. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार हे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. त्या पुतळ्याच्या पायाशी उभं राहिलं की माणूस मुंगीएवढा वाटतो. मग लिफ्टने छातीच्या उंचीवर जायचं. तिथल्या गॅलरीतून नर्मदा दिसते, सरदार सरोवराचं धरण दिसतं, डोंगर दिसतात. खाली असताना तुम्ही पुतळा बघत होतात. वर गेल्यावर पुतळा दिसेनासा होतो आणि त्याच्या जागेवरून मुलूख दिसायला लागतो. केवढा फरक आहे दोन्हींत!

मला वाटतं, सगळी गंमत या फरकात आहे. बाहेरून बघायचं शिल्प सांगतं, 'हा कोण आहे ते बघ.' आत जायचं शिल्प सांगतं, 'इथून जग कसं दिसतं ते बघ.'

कलेच्या दुनियेत अशा कामांना मांडणीशिल्प म्हणतात. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरतो, तिथे रस्त्यावर अशी कामं मांडलेली असतात. पण या प्रकारातलं मला सगळ्यात आवडलेलं काम अमेरिकेतल्या एका बाईचं आहे. नॅन्सी होल्ट तिचं नाव. तिने युटा नावाच्या राज्यात, ओसाड माळरानावर स्वतः जमीन विकत घेतली आणि १९७३ ते १९७६ या काळात तिथे चार काँक्रीटचे पाइप आडवे ठेवले. हो, पाइपच! रस्त्याच्या कामासाठी आपल्याकडे कडेला पडलेले असतात ना, तसे. फक्त आकाराने मोठे, अठरा फूट लांब आणि उभी बाई आरामात चालत जाईल इतके रुंद. ते चार पाइप तिने अशा हिशेबाने मांडले, की वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवशी उगवता आणि मावळता सूर्य बरोबर त्यांच्या तोंडात येऊन बसतो. वरच्या बाजूला तिने नक्षत्रांच्या आकृतीत भोकं पाडली. भर दुपारी त्या भोकांतून आत उन्हाचे ठिपके पडतात आणि पायाखाली तारे दिसतात.

वैराण माळ आपल्याला काही नवा नाही. पण उघड्या माळावर बाई घटकाभर उभी राहिली तर ऊन, वारा आणि बघणाऱ्यांच्या नजरा. तीच बाई त्या पाइपच्या सावलीत बसली, की समोर गोल चौकटीत क्षितिज! माळ तोच, ऊन तेच. बसायला जागा आणि बघायला चौकट मिळाली, एवढंच.

दुसरी निकी द सँ फाल. तिने इटलीत टस्कनी भागात एक अख्खी शिल्पबाग उभारली, ती १९९८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्यातलं 'सम्राज्ञी' नावाचं शिल्प म्हणजे घराएवढी बाई! बागेचं काम चालू असताना निकी कित्येक वर्षं त्या शिल्पाच्या पोटातच राहत होती. आत झोपायची जागा, स्वयंपाकघर, सगळं. भिंतींना आरशांचे तुकडे. आपल्यापैकी कितीजणी आयुष्यभर स्वयंपाकघराच्या आतून जग बघतात! हिने ते स्वयंपाकघर सम्राज्ञीच्या अंगात नेऊन ठेवलं.

'हे परदेशातलं झालं हो, आपल्या बीडचं काय?' असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. आपल्याला हे कुणाकडून शिकायची गरजच नाही. आपल्याकडे ते शेकडो वर्षांपासून आहे.

अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला आपण जातो. ओटी भरतो, प्रसाद घेतो, बाजार करतो आणि परततो. त्याच गावात जयंती नदीच्या काठी हत्तीखाना आहे, तिथे किती जणी जातात? खडक वरून खाली कोरत नेऊन केलेलं हे लेणं. मधे उघडं अंगण, त्यात नंदीमंडप आणि खडकातूनच काढलेले भले थोरले हत्ती. खांबांच्या मागे आत जाऊन उभं राहा आणि तिथून बाहेर बघा. अंगण, नंदी, हत्ती आणि वर आभाळाचा चौकोन. आत गारवा आणि बाहेर लख्ख ऊन. ज्यांनी कोरलं त्यांनी नुसते हत्ती कोरले नाहीत, ते कुठून बघायचे ती जागाही कोरली.

बीडजवळची खजाना बावडी तर आपली हक्काची. निजामशाहीत, सोळाव्या शतकात सलाबत खानाने ती बांधून घेतली. बांधणारा राजा भास्कर. दुष्काळातही तिचं पाणी आटत नाही अशी तिची ख्याती आणि जमिनीखालच्या नहरातून, मोटेशिवाय, पंपाशिवाय ते पाणी वाहत शेतांकडे जातं. वरून बघितलं तर ती एक गोल विहीर. पण पायऱ्या उतरून आत गेलं आणि मान वर केली, की आभाळ एका गोल ताटात वाढल्यासारखं दिसतं. शहरातल्या कलादालनात आभाळाचा असा तुकडा दाखवायला आज कोण खर्च होतो! आपल्याकडे तो पाणी भरता भरता दिसत होता.

आणि अंबाजोगाईच्याच खोलेश्वर मंदिराची गोष्ट तर प्रत्येक मुलीला सांगायला हवी. खोलेश्वर हा यादवांचा सेनापती. त्याचा मुलगा राम लढाईत पडला. त्या भावाच्या आठवणीसाठी त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने १२४० च्या सुमारास मंदिर बांधवलं. तसा शिलालेखच आहे. भावासाठी बहिणीने केलेलं स्मारक, आणि तेही कसं? आत जाऊन बसता येईल असं. आज भाऊबीजेला ओवाळणाऱ्या आपल्या जिल्ह्यात लक्ष्मीचं नाव किती जणींना ठाऊक आहे?

आता मूळ मुद्द्यावर येते. आत बसून बाहेर बघता येईल अशी जागा आपल्या छोट्या गावांतल्या बायकांना का हवी?

पूर्वी घराला ओटा होता. दुपारी निवडण-टिपण घेऊन बाया ओट्यावर बसायच्या. हात तांदळात आणि डोळे रस्त्यावर. वाड्याला सज्जा होता, खिडकीला गज होते, दाराला अर्धा पडदा होता. बाहेर बघायची मुभा होती, पण घरात राहून आणि हाताला काम ठेवून. आता ओटे गेले. त्या जागी गेट आलं, पार्किंग आलं, फ्लॅट आला. खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत आली. बघायला उरला टीव्ही आणि मोबाइल.

आणि बाहेर? पुरुषांसाठी पार आहे, पानटपरी आहे, चहाचं हॉटेल आहे, सलूनचं बाकडं आहे. ते तासन्‌तास बसून गाव बघतात आणि त्यांना कुणी 'का बसलात' असं विचारत नाही. एकदा मी एका बागेत बाकावर नुसती बसले होते. दहा मिनिटांत रखवालदार येऊन अगदी आदराने विचारून गेला, "ताई, कुणाची वाट बघताय का?" त्याचं काही चुकलं नाही. बाई एकटी बसली आहे म्हणजे ती कुणाची तरी वाट बघत असणार, हे त्याला गावानेच शिकवलंय. शेजारच्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कामाबिगर बसलीस कशाला मग? हातात पिशवी तरी धरायची!"

मावशींनी सांगितलं तेच शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईचा अभ्यास करून २०११ च्या त्यांच्या पुस्तकात मांडलंय. बाईला रस्त्यावर यायचं तर काहीतरी काम दाखवावं लागतं. शाळा, बाजार, देऊळ, दवाखाना. नुसतं थांबणं, नुसतं बघणं हा तिचा हक्क मानलाच जात नाही. मुंबईत ही तऱ्हा, तर गेवराई, माजलगाव, धारूरची काय कथा!

म्हणून मला या आत शिरायच्या शिल्पांचं अप्रूप वाटतं. त्यांत थांबायला निमित्त लागत नाही. तिथे बघणं हेच काम! बाई आत बसली आहे ती कुणाची वाट बघत नाही, ती शिल्प बघते आहे. आणि शिल्प बघता बघता ती गाव बघते आहे. रस्त्यावर जी कायम 'बघितली जाते' तिला तिथे 'बघणारी' होता येतं.

आता दुसरी बाजूही बघू. 'आत' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. आडोसा दिसला की तिथे बाटल्या पडतात, पत्त्यांचे डाव पडतात, भिंतींवर बदाम आणि नावं कोरली जातात. जुन्या लेण्यांची आणि किल्ल्यांची कितीतरी ठिकाणी हीच दशा आहे. मग बायका जात नाहीत, बायका जात नाहीत म्हणून टवाळांचं फावतं आणि टवाळ असतात म्हणून बायका जात नाहीत! श्रीमंत शहरांनाही यातून सूट नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली 'व्हेसल' नावाची जिन्यांचीच एक भव्य रचना उभी राहिली. चढत जायचं आणि शहर बघायचं. कठडे पुरेसे उंच नव्हते, तिथून उड्या घेऊन लोकांनी जीव दिले आणि २०२१ मध्ये ती बंद करावी लागली. २०२४ मध्ये जाळ्या लावून ती पुन्हा उघडली. म्हणजे 'आत या' म्हणणाऱ्याने आत येणाऱ्याच्या जिवाचा विचार आधी करायचा असतो.

पण या भीतीवर उपाय बंदी हा नाही, उपाय बांधणीतच आहे. नॅन्सी होल्टचे पाइप आठवा. दोन्ही तोंडं उघडी! एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. हत्तीखान्यात खांबांमधून अंगण दिसतं आणि अंगणातून आतलं माणूस दिसतं. कोंडी होत नाही. आपल्या पूर्वजांना कळत होतं ते आपल्या ठेकेदारांना कळायला हरकत नाही. दोन वाटा, संध्याकाळी दिवा, हाताला येईल असा कठडा, बसायला गार दगड आणि शंभर पावलांवर बायकांसाठी स्वच्छतागृह. (हे शेवटचं नसेल तर बाकी सगळं असून फुकट, हे आपल्याला कुणी समजवायला नको!)

हे सगळं ठरवतं कोण? नगरपरिषद, जिल्हा नियोजन समिती, बांधकाम खातं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा आपल्या भागातूनही कितीतरी जणी निवडून गेल्या. त्यांतली एखादी आपल्या बचत गटातली असेल, एखादी नात्यातली असेल. सुशोभीकरणाचा ठराव येईल तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारावेत. 'याच्या आत जाता येतं का?' आणि 'आतून काय दिसतं?' बघा, निम्मे आराखडे तिथेच परत जातील.

आणि बीडच्या स्टेशनसमोर काय असावं म्हणाल, तर माझ्या मनात एक चित्र आहे. तिथे असावी एक कोपी.

कोपी म्हणजे काय, हे बीडच्या बाईला सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं पाच-सहा महिन्यांचं घर. बांबूच्या तट्ट्या वाकवून केलेली, वर कागद टाकलेली. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत चूल, भांडी, लेकरू. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघायचं, दिवसभर मोळ्या वाहायच्या आणि रात्री परत त्याच कोपीत चूल पेटवायची. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. म्हणजे बाई मोजायचीच झाली तर अर्धा कोयता! या बायांचं काय होतं, ते २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. जवळपास दर सहा बायांमागे एक. पेपरात आलं, विधिमंडळात चर्चा झाली, आपण हळहळलो. आणि मग?

ऊसतोड बाईचा पुतळा करायचा म्हटलं तर काय होईल ते मला दिसतं. डोक्यावर मोळी, हातात कोयता, चेहऱ्यावर करारी भाव, चौथरा आणि रेलिंग. वर्षातून एकदा हार. ती आपल्याला दिसेल, पण तिला काय दिसतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा स्टेशनसमोर टिकाऊ मालाची, खऱ्या मापाची कोपी करा. दोन्ही बाजूंनी उघडी, पण उंची तेवढीच ठेवा, वाकायला लावणारी. गाडीतून उतरलेल्या साहेबालाही वाकू दे, पुढाऱ्यालाही वाकू दे. आत उकिडवं बसून बाहेर बघितलं, की आधी पायच पाय दिसतील, मग चाकं दिसतील, मग दूरवर मोठ्या इमारती. जिल्हा तिथून कसा दिसतो, ते पाच मिनिटं कळेल. मनात कायमचं राहायला पाच मिनिटं पुष्कळ झाली.

यावर कुणी म्हणेल, ही तर गरिबीची जत्रा झाली! हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच ती कोपी कशी असावी हे ज्या बाया तिच्यात राहिल्या त्यांना विचारायचं. चूल कुठे, दार कुठल्या दिशेला, भिंतीवर कोणाचं नाव, हे त्या ठरवतील. कामाची मजुरी त्यांना मिळेल, पुरुषाइतकीच. आणि त्या म्हणाल्या, 'आम्हाला कोपी नको, आम्हाला उंच माडी करा, जिथून आम्ही सगळ्या गावाकडे बघू', तर माडी करायची! त्यांना कुठून बघायचंय ते त्यांनीच सांगायचं.

तोपर्यंत काय करायचं? या सुट्टीत चारचौघी मिळून हत्तीखान्यात जा, नाहीतर खजाना बावडीवर जा. मुलींना बरोबर घ्या. डबा न्या, सतरंजी न्या, आल्यावर जागा स्वच्छ ठेवून या. फोटो काढा, जरूर काढा, पण एक फोटो आतून बाहेरचा काढा. आणि घटकाभर नुसत्या बसा. कुणी विचारलंच, 'ताई, कुणाची वाट बघताय?' तर सांगा, 'कुणाची नाही. बघतेय!'